नावेत तीन जागा

१६ नोव्हेंबर १९९५, श्रीगोंदा
आले एकदाची. कॉलेजात रजेच्या जागेवर मार्चपर्यंत इंग्रजी शिकवायचं आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, सगळ्या गावाला उसाच्या रसाचा वास. थंडीही छान आहे. खोली शोधताना मात्र दमछाक झाली. दोन घरांनी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच दिली म्हणून सांगितलं. तिसऱ्या घरच्या कडूबाईंनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की कॉलेजातला शिपाई सांगतो ते खरं का, बाईंना जपानी वाचता येतं? पुण्यात दोन वर्षं शिकलेय म्हटल्यावर त्यांनी सरळ किल्ली हातात ठेवली. वर बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. नशीब काढलं म्हणायचं.

१९ नोव्हेंबर
रविवार. आज मागची खोली पाहिली. कडूबाईंचा मुलगा अंगद तिथे खुर्चीत बसलेला असतो. साधारण माझ्याच वयाचा. यंत्रांचं काम शिकायला तो सहा महिने जपानला होता. येताना व्हिडिओ गेम घेऊन आला. गेल्या वर्षी दिवाळीत खेळता खेळता गप्प झाला, तो झालाच. डोळे उघडे, पण बोलत नाही, उठत नाही. पातळ पेज घशात सोडावी लागते. नगर झालं, पुणं झालं, डॉक्टरांना काही सापडलं नाही.
त्याच्यासमोर छोट्या टीव्हीवर तोच गेम कायम चालू. बंद केला की त्याचा श्वास अडकतो, म्हणे. लाइटचा भरवसा नाही म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडलाय. मला ही आईच्या मनाची समजूत वाटली.
गेम मात्र मी लगेच ओळखला. एका जपानी कादंबरीमालेवरून केलेला आहे. आमच्या जपानीच्या सरांच्या कपाटात ते सगळे भाग होते, पहिला मी शब्दकोश घेऊन वाचला होता. राखेची नदी, पलीकडे मेलेल्यांचं राज्य, आणि प्रवाशांना नेणारा नावाडी. पडद्यावर तीच नदी, काठाला लागलेली नाव, नावेत एकच चौकोनी ठोकळ्यांचा माणूस. खाली जपानी अक्षरं: आंगादो, म्हणजे अंगद. कडूबाई म्हणाल्या, अंगदला नुसती अक्षरं यायची, भाषा नाही.

२१ नोव्हेंबर
कॉलेजातून आल्यावर कडूबाईंनी मला गेमसमोर बसवलं. बटण दाबलं तर नावाडी बोलू लागला. मी मराठीत सांगत गेले. नावेत जागा तीन. एकट्याला ओझं पेलत नाही. सोबती दे, त्याचं नाव सांग.
कडूबाई म्हणाल्या, "तुमचंच घाला की बाई. तुमाला वाचता येतंय."
खेळच तो. घातलं. ठोकळ्यांची दुसरी आकृती नावेत चढली आणि मागे काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. अंगदचं बोट खुर्चीच्या हातावर फिरत होतं. कडूबाई तिथेच खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मलाही भरून आलं.

२७ नोव्हेंबर
अंगद स्वतः गिळू लागलाय. काल "पाणी" म्हणाला. कडूबाईंनी गल्लीत पेढे वाटले.
माझं मात्र बरं नाही. आज वर्गात हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. घसा दुखत नाही. नुसतं आत काही नाही.

३० नोव्हेंबर
आवाज गेलाय. वर्गात फळ्यावर लिहून भागवते. कडूबाईंना अक्षरओळख नाही, त्यांच्याशी खुणा. अंगद आज भिंत धरून उभा राहिला. तेव्हाच माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, त्या अजून गेल्या नाहीत.
मागच्या खोलीत जाऊन पडदा वाचला. नावाडी म्हणतो, ओझं दुसरीकडे चाललंय.

२ डिसेंबर
बॅग भरून निघाले. एसटी स्टँडवर दोन्ही पाय गेले. लोकांनी उचलून इथेच आणून टाकलं. कुठं राहते म्हणून विचारत होते, मला सांगता येईना. शिपाई ओळखत होता, त्यानंच पत्ता दिला.
कडूबाई भरवतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. मघाशी म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं असं काईतरी हुईल. तरीबी घालाया लावलं. काय करू, आय हाय मी त्याची."

४ डिसेंबर
सरपटत मागच्या खोलीत गेले. बॅटरीची वायर ओढली. बाहेर अंगणात अंगद धाडकन पडला. माझाही श्वास — छातीवर कुणी उभं राहिल्यासारखं. कडूबाई धावत आल्या, वायर जोडली. दोघंही परत आलो.
म्हणजे असं सुटता येत नाही.

६ डिसेंबर
आज घरचे सगळे दादरला असतील. मला न्यायला या म्हणून अंगदकडून घरी तार करवली, ती बंद दारात पडली असेल. मी लहानपणापासून एकदाही चुकवलं नव्हतं.
डावा हात गेला. उजवा जड.
अंगद जवळ बसला होता. त्या दिवाळीत पडद्यावर काय लिहिलंय ते कळलंच नाही, म्हणाला. नाव मागतात एवढं समजलं, घातलं. माझा हात धरून रडला. त्याचा हात गरम. माझा —

७ डिसेंबर
दुपार. मला टीव्हीसमोर बसवलंय. वही मांडीवर.
कडूबाई आंघोळ करून नवं लुगडं नेसून आल्या. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "अंगद, माझं नाव घाल. माझ्या लेकराचं वझं दुसऱ्याच्या लेकराला न्हाई, मला."
तो अक्षरं वेचतोय. का. दू.
नावाडी खाली काही सांगतोय. नवीन. अंगदला कळत नाही. मला कळतं, आणि — मान वळत नाही —
अंगद वहीकडे बघ. तुला लिहितेय. नावाडी म्हणतो तिसरी जागा भरली की नाव सुटते. ओझं उतरत नाही. तू उतरला नाहीस. तू अजून नावेतच आहेस. तिघांना पलीकडे —
आईला थांबव
अंगद शेवटचं बटण दा