चार वर्षांनी वाचलेलं पत्र

वालचंदनगर
१८ जानेवारी १९९६

लेकी मार्था,

येशूच्या नावानं तुला सलाम. तुझी तब्येत बरी असावी, हीच रोजची प्रार्थना. हितं थंडी हाय. ऊसतोड चालू हाय, रस्त्यावर गाड्याच गाड्या. शेजारच्या तानूबाईच्या सुनेला मुलगी झाली. माझे गुडघे दुखतात, पण चालतंय. तू नगरच्या दवाखान्यात कामाला लागलीस, आपली वेगळी खोली घेतलीस, असं शमुवेल मामानं सांगितलं. ऐकून बरं वाटलं.

अक्षर बघून वाटंल, हे कुणाकडून लिहून घेतलंय. न्हाय. माझंच हाय. चार दिवस झाले लिहितेय. कुशाबाई, म्हणजे आपल्या नव्या पाळकसाहेबांची बायको, म्हणाली चुका नीट करून देते. मी नको म्हटलं. तिला हे दाखवायचं न्हाय.

मार्था, मला वाचता येत नव्हतं.

तू लहानपणापासून मला पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसलेलं बघितलंस. ती सगळी ऐकून पाठ झालेली वचनं होती. लग्न ठरवताना माझ्या बापानं पोरगी चौथी पास हाय म्हणून सांगितलं, आणि मी गप बसले. तुझ्या बाबांना महिन्याभरात कळलं. घरात पत्र आलं की ते मोठ्यानं वाचायचे, मी मान हलवायची. मरेपर्यंत त्यांनी झाकलं.

चर्चच्या उपासनेत कुणी वाचायला सांगितलं की मी चष्मा विसरला म्हणायची. असं किती वर्षं. शेवटी गेल्या उन्हाळ्यात स्त्री मंडळाच्या बायकांनी मला बारामतीला नेलं, डोळे तपासले, चष्मा करून दिला. त्यांनी मायेनं केलं. पण माझं निमित्त गेलं. पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी मला वाचायला उभं केलं. सगळ्या बायका कौतुकानं बघत होत्या. पाठ असलेलं एखादं स्तोत्र म्हणून सुटले असते. तोंडही उघडलं होतं. जन्मभर मी प्रभूला मला वाचव, मला वाचव म्हणत आले, ते उघडं पडण्यापासून. त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटलं, मला खरं बोलायचं बळ दे.

"पाळकसाहेब, मला वाचता येत न्हाय. कधीच येत नव्हतं."

कुणी हसलं न्हाय. तानूबाईनं हात धरून मला खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी कुशाबाई पाटी घेऊन आली. पन्नाशी उलटलेली बाई मी, अ आ गिरवत बसले. बोटं वळायची न्हाईत, रडू यायचं. प्रार्थना करायची आणि परत पाटी घ्यायची.

आता मंडळीत माझं उदाहरण देतात. बनाबाईनं केवढा धीर केला म्हणतात. मला मान वर करवत न्हाय. कारण त्यांना अर्धंच ठाऊक हाय.

चार वर्षांमागं, बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं होतं. पोस्टमन म्हणाला, श्रीरामपूरचं हाय, म्हणजे तुझ्या सासरचं. तितंच वाचून दाखवा म्हटलं असतं तर झालं असतं. मला लाज वाटली. अनोळखी माणसाकडून वाचून घ्यावं म्हणून एकदा इंदापूरला गेले, तर मंडळीतलीच एक बाई समोर आली. पत्र पदराखाली घालून परत आले. तानूबाईनं विचारलं तेव्हा तिला सांगितलं, पोरगी सुखात हाय.

ह्या नाताळात ते पत्र मी वाचलं. तुझं अक्षर बारीक हाय, दोन दुपारी लागल्या. नवरा मारतो, असं तू लिहिलं होतंस. शनिवारी बाजाराचं निमित्त करून स्टँडवर येते, आई, तू मला न्यायला ये, एकटीनं निघायचा धीर होत न्हाय.

तू किती वेळ थांबलीस, मला ठाऊक न्हाय. त्याच महिन्यात तुझा हात मोडला, विहिरीवर घसरली, असं मामा म्हणाला. मी खरं मानलं. पुढं मामाच्या घरच्या लग्नात तू माझ्याशी बोलली न्हाईस, तेव्हा पोरीला गर्व झाला असं मी चारचौघीत म्हटलं.

आणि तू त्या घरातून एकटीच बाहेर पडलीस. न्यायला कुणी आलं न्हाय तरी.

येत्या रविवारी मी उभी राहून मंडळीला हे सगळं सांगणार हाय. प्रभूनं एकदा बळ दिलं, परत देईल. पण आधी तुला सांगायचं होतं. देव माफ करतो, असं कुशाबाई शिकवताना म्हणते. करत असंल. पण त्या स्टँडवर वाट बघत तू उभी होतीस.

माफीचा शब्द दोनदा लिहून खोडला. तुला कधी लिहावंसं वाटलं तर लिही. रागानं लिहिलंस तरी चालंल. एकेक अक्षर वाचीन.

खाली तुझी आई असं लिहायला हात धजत न्हाय. ते तू म्हणशील तेव्हा.

बनाबाई