तिला विचारलं, मला नाही

१७ मे, शनिवार

आज हौवाला नेलं. माझ्या बाजूने चालत होती, तिथून नेलं.

निमित्त माझंच. सकाळी मीच फोन केला — माझा सांदणाचा टोप दे गो, उद्या गावाकडची हज्जची माणसं जेवायला आहेत. ती म्हणाली, अंधार पडल्यावर आणते, दिवसा गाड्या फिरतात. मी म्हटलं, तांदूळ भिजत घातलेत, रात्री टोप घेऊन काय डोक्यावर ठेवू? म्हातारपणी माणसाला धीर राहत नाही, हेच खरं.

हौवा मक्क्याच्या वरच्या डोंगरावर राहते. माझे गुडघे त्या पायऱ्यांना हात जोडतात, म्हणून पायथ्याशी भेटलो. टोप भरलेला होता. तिच्याकडून रिकामा कधी आलाच नाही. माझं सांदण वर जातं, तिचा बलीला खाली येतो — उकडलेले चणे, वर जिरं आणि सिरका. पायऱ्यांशी बसून तेच विकते ती. शेजारणीचं भांडं रिकामं धाडायचं नाही, हे आमच्या कोकणात तसं तिच्यातही आहे.

दोघी सावली धरून माझ्या घराकडे निघालो. कोपऱ्यावर गाडी उभी. एक पोरगेला पोलीस खाली उतरला. हौवाला म्हणाला, "इकामा." मला म्हणाला, "अम्मा, यल्ला, उन्हात थांबू नका."

हौवाकडे इकामा, म्हणजे इथे राहायचं सरकारी कार्ड, नाही. जन्मापासून नाही. पण माझ्याकडे तरी कुठे होता? माझं कार्ड घरी कपाटात, आणि तेही रमझानच्या आधीच संपलेलं. माझ्या लेकाची, मुझम्मिलची, कंपनी घरच्यांची कार्डं नवी करून देईना, तो रोज म्हणतो उद्या होईल. म्हणजे रस्त्यात दोघी सारख्याच बिनकागदाच्या. तिला विचारलं, मला नाही. ती काळी. मी हिंदी म्हातारी, हातात टोप — त्याला मी हाजीण वाटले असेन.

गाडीत चढताना ती एवढंच म्हणाली, "कुबरा, सरळ धर, सांडेल."

मी सरळ धरला. गाडी वळून गेली तरी तसाच धरून होते.

१८ मे

पाहुणे आले, जेवले, दुआ देऊन गेले. सांदण फुगलं नाही. आंबवण चांगली होती, माझंच चित्त नव्हतं.

मी हौवाचं सांगितलं तर पाहुण्यांतला तौकीर म्हणाला, "चाची, कायदा तो कायदा. हज्जच्या आधी साफसफाई करावीच लागते." ताटातला रस्सा ओरपत म्हणाला. रत्नागिरीला त्याचं चपलांचं दुकान आहे, माणूस वाईट नाही.

चणे मी एकटीने खाल्ले. आंबट झाले होते तरी खाल्ले.

१९ मे, सोमवार

इफरा शाळेतून नाचत आली. वादविवादात दुसरा नंबर. विषय काय तर अमेरिकेतले पोलीस आणि काळी माणसं. सगळं भाषण मला म्हणून दाखवलं, हात हलवून हलवून. इंग्रजी मला निम्मं कळलं, पण डोळ्यांत पाणी आलं. मग मी विचारलं, "आणि आपली हौवा?"

"दादी, that's different."

"कसं गो?"

"उनके पास papers नहीं हैं."

ही पंधरा वर्षांची. ही पोटात असताना सुनेला, अस्माला, रात्री कळा सुरू झाल्या, मुझम्मिल ड्युटीवर, माझे हे — अल्ला त्यांना जन्नत देवो — जेद्द्याला. हौवाने अस्माला पाठीवर घेऊन जिना उतरवला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून गाडी थांबवली. तेव्हा तिचे कागद आम्ही नव्हते बघितले.

मी हे इफराला बोलले नाही. तिचं पदक छान होतं. पोरीचं तोंड उतरवून काय मिळणार? पण जेवताना तिने पदक गळ्यातून काढून ठेवलं. न बोललेलंही पोरांना ऐकू येतं.

२१ मे, बुधवार

हौवाची मुलगी मैमूना आली. उंबऱ्यातच उभी. आत ये म्हटलं तरी येईना, आपल्या पायामागून कुणी येईल या भीतीने. तिचंही कार्ड नाहीच.

आईला शहराबाहेर जेद्द्याच्या रस्त्याला ठेवलंय. पुढच्या आठवड्यात नायजेरियाच्या विमानात बसवणार. नायजेरिया! हौवाने ते गाव नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही. तिच्या पणजोबाने चालत हज्जला यायचं ठरवलं, पोचला, राहिला. आजा इथला, बाप इथला, तिघांच्या कबरी इथे. ती बोलते ती अरबी अस्सल मक्क्याची — भाजीवाल्याशी भांडायची अरबी मला तिनेच शिकवली. लोक तिला तकरूनी म्हणतात, म्हणजे काळ्या मुलखातली. मुलूख कुठला ते तिलाही ठाऊक नाही.

मैमूना म्हणाली, एक वाट आहे. मोहल्ल्याचा उम्दा — आपल्याकडचा गावपाटील समजा — तो लिहून द्यायला तयार आहे, की ही इथलीच. मग विमान थांबतं, पुढचं पुढे. पण त्याला दोन साक्षीदार हवेत, तिथे जाऊन तोंडाने सांगणारे. बेकरीवाला म्हातारा तयार आहे. दुसरा मिळेना. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्या घरी एकदम कामं निघाली.

"खाला, तुम्ही याल?"

साक्षीदाराला कार्ड लागणारच. आणि माझं कार्ड मेलेलं. तिला ते कसं सांगू? तिच्या डोळ्यांत मी इकामावाली, मजबूत माणूस.

"बघते," म्हटलं. बघते हा किती वाईट शब्द आहे.

२२ मे

मुझम्मिलला सांगितलं. माझा लेक हॉटेलात एसी दुरुस्त करतो, आणि घरी येतो तो तापलेला.

"खलास, अम्मा. यात पडायचं नाही."

"एवढं सांगून यायचं, ही इथली."

"आणि तुमचं कार्ड मागितलं तर? तुम्हाला ठेवतील, मग परत पाठवतील, पाच वर्षं येता येणार नाही. माझ्या नावावर लागेल ते वेगळं. अब्बांच्या कबरीवर कोण जाणार?"

"आणि हौवा गेली तर?"

"आपण परके आहोत अम्मा. परक्याने मान खाली घालून राहावं."

अस्मा कणीक मळत होती. ती मळतच राहिली. कणीक केव्हाची मळून झाली होती.

त्याचं चुकतंय असं म्हणवत नाही. ज्याच्या खांद्यावर जू त्यालाच वजन ठाऊक. पण हौवा तर परकी नव्हती ना? तिने का मान खाली घालायची?

२४ मे, शनिवार

घर फिरलं की वासेही फिरतात. गावाहून भावजयीचा फोन. मुनाफला, माझ्या धाकट्या भावाला, पोलिसांनी उचललं. तो रायगडात बंदरावर बोटीच्या जाळ्यांचं काम करतो. पहाटे खोलीवर आले, लुंगी-दाढीवाले तेवढे निवडले. बांगलादेशी म्हणून.

मुनाफ! ज्याला आमच्या तालुक्याबाहेरचा मासासुद्धा गोड लागत नाही. मराठीत बोलला तर म्हणे, शिकून आला असशील.

रात्री मोबाईलवर बातम्या लावल्या. कुणी पुढारी मोठ्याने सांगत होता — घुसखोर, साफसफाई. टाळ्या पडत होत्या. तौकीरचा आवाज आठवला. तोच शब्द. माणूस दुसऱ्याच्या अंगणात झाडू बघून खूश होतो, आपण कुणाच्या तरी अंगणातला कचरा आहोत हे त्याला कळतच नाही.

मी दुसरी यत्ता शिकलेली. वाचायला शिकले ती सुकटीच्या पुड्या बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर. राजकारण मला कळत नाही. पण इथे टोपी वेगळी, तिथे टोपी वेगळी, आणि गाडीत चढणारी माणसं मात्र ओळखू येतात.

२५ मे

मुनाफ आतच.

२६ मे

आतच. आधार कार्ड दाखवलं, ते खोटं असेल म्हणाले. मग बापाचा दाखला. मग आज्याचा. नमाजवर बसले की हौवाचा आजा आणि माझा आजा डोळ्यापुढे जोडीने येतात, दोघांच्या हातात काही नाही.

२७ मे, मंगळवार

मुनाफ सुटला!

स्वतः बोलला फोनवर. आवाज बसलेला. "आपा, शंकर आला ना म्हणून."

शंकर आमच्या गावचा, भिंतीला भिंत लागून घर. त्याची आई आणि आमची आई एका जात्यावर दळायच्या. शंकर एसटीने गेला, पोलीस स्टेशनच्या बाकावर जाऊन बसला आणि उठेनाच. साहेब म्हणाला, घरी जा. शंकर म्हणाला, जातो, पण याला घेऊन. साहेब म्हणाला, तुझा कोण लागतो? शंकर म्हणाला, "शेजारी." साहेब म्हणाला, तुझ्यावरही बालंट येईल. शंकर म्हणाला, "येऊ द्या साहेब, त्याच्याच बाजूला बसवा, आमाला सवय हाय."

मुनाफ हे सांगताना हसला. मग रडला. मीही तेच केलं, पण उलट क्रमाने.

फोन ठेवला. टोप ओट्यावर पालथा होता. नऊ दिवस मी त्यात काही शिजवलेलं नाही.

२८ मे

शंकरला कार्ड होतं, मला नाही. हे खरं. पण मग विचार केला — त्या पोऱ्याने रस्त्यात मला विचारलं नव्हतं. ज्या डोळ्यांनी तिला धरलं, त्याच डोळ्यांनी मला सोडलं. हिंदी म्हातारी, गरीब, निरुपद्रवी, जाऊ दे. तिथेही कदाचित नाही विचारणार. ते डोळे एकदा तिच्या कामी येऊ देत की.

आणि विचारलं तर? तर विचारलं. मैमूनाला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "खाला, नका येऊ." तिने नको म्हटलं आणि माझं ठरलंच.

२९ मे, गुरुवार

उद्या शुक्रवार, तिथे सुट्टी. शनिवारी सकाळी जायचं. बेकरीवाल्याच्या गाडीतून, उम्दा पुढे बसणार.

आज ह्यांच्या कबरीकडे तोंड करून फातिहा पढले. कबर इथून दिसत नाही, दिशा माहीत आहे. म्हटलं, रागावू नका. तुम्ही असता तर तुम्हीच गेला असता, आणि मी मुझम्मिलसारखी बोलले असते.

मुझम्मिलला सांगितलं नाही. कोंबडं झाकून ठेवलंय. उजाडायचं ते उजाडेलच.

३० मे, शुक्रवार

रात्री सांदण केलं, त्याच टोपात. फुगलं. तिथे आत नेऊ देतील की नाही कोण जाणे.

अस्माने विचारलं नाही, कुणासाठी. माझ्या पिशवीत बघितलं तर रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचं तेल आणि एक जादा ओढणी. मी ठेवलेली नाहीत. इफरा दाराशी उभी राहून म्हणाली, "दादी, उनको बोलना मैं भी थी. पेट में थी, but I was there."

ही साक्ष मी सांगणार आहे.

३१ मे

गोळ्यांच्या खोक्याच्या आतल्या बाजूला लिहिते आहे, अक्षर बारीक.

साक्ष दिली. इफराचीही सांगितली. साहेब भला होता, खुर्ची दिली, हसला. विमानाच्या यादीतलं हौवाचं नाव खोडलं. मग नोंदीसाठी कार्डाचा नंबर हवा होता. आज मला विचारलं. मी संपलेलं कार्ड पुढे केलं.

उम्दा म्हणाला, "अम्मा, आधी का नाही बोललात?" साहेबाने कार्डावरची तारीख वाचली. उम्दा त्याला म्हणाला, साक्ष डोळ्यांची असते, कार्डाची नसते. ते त्याने मानलं. साक्ष राहिली. मीही राहिले, आत.

मुझम्मिल फाटकापर्यंत येऊन गेला. माझ्या घरातल्या सपाता देऊन गेला.

हौवा बाहेर पडली तेव्हा मी आत येत होते. दारात दोघी समोरासमोर. मी टोप तिच्या हातात दिला — सांदण उन्हाने अजून कोमट होतं. म्हटलं, सरळ धर.

इथे मैमूनाच्या वयाची एक मुलगी आहे, तीही काळी, दुपारभर रडत होती. आता माझ्या मांडीवर झोपली आहे. आत्ताच शिपाईबाई येऊन म्हणाली, दारावर कुणी तकरूनी बाई उभी आहे, हाकलली तरी जात नाही. हातात टोप आहे. भरलेला.