भिंतीवरची उभी रेघ

शुक्रवार. दिवाळीले आठ दिवस.

माह्या मशीनवर लेथ अन् मिलिंग एकत्र आहे, पण मिलिंगचा खांब गोल. ड्रिल धरणारं डोकं वर घेतलं की ते खांबाभोवती फिरते अन् ड्रिल जागा सोडते. म्हणून डोक्याले लेझर लाईट बांधला, समोरच्या भिंतीवर उभी रेघ मारली. ठिपका रेघेवर आणला की ड्रिल बरोबर जागेवर. हे कोणाले विचारून केलं नाही मी, माह्याच डोक्यातलं.

आज दारव्ह्याले बोल्ट आणाले गेलतो. फवारणी पंपाचं काम मशीनवर अर्धं बांधलेलं, एक भोक पाडून डोकं वर घेतलेलं. येतो तर बायको शोभा त्याच भिंतीले चुना मारून राह्यली. रेघ गेली! ओरडलोच मी तिच्यावर. कायले ओरडलो?

ती शांतपणे म्हणे, "चुना वला आहे, रेघ दिसते ना अजून. वाळाच्या आधी दोन टोकाले खिळे ठोका अन् दोरा ताणा."

ताणला. ठिपका दोऱ्यावर आणला. दुसरं भोक केसभर सरकलं नाही! आता खुशाल दरसाल चुना मारा.

मशीन माही, अक्कल तिची. हे वहीत लिहून काय होते? उठतो, तिले सांगतो.