आठ वाजता कापलेली मुळं

मुलींचं वसतिगृह, लातूर
गुरुवार, १० एप्रिल २०२५

चि. गीतांजलीस,
बाबांचे आशीर्वाद. ऊन वाढलंय, पाणी पीत जा.

परवा मंगळवारी सकाळी बरोबर आठला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कांद्याची मुळं कापली. बाटल्यांच्या तोंडावर ठेवलेल्या कांद्यांना पांढरी मुळं छान सुटली होती. त्या वेळी टोकाशी पेशींचं विभाजन जोरात असतं, म्हणून आठ चुकवायचे नाहीत. बावीस वर्षांत मी ते चुकवले नाहीत. शेजारच्या टेबलावरून संगप्पा नेहमीसारखा म्हणाला, "माळकरी बुवा, कांदा खात न्हाई अन् दिवसभर कांदेच कापून राहिला. इठोबाला काय तोंड दाखवणार?" रोज मी हसतो. परवा हसलो नाही.

मग मुलं येण्याआधी आदल्या दिवशीच्या मुळाची एक स्लाइड केली आणि एकटाच बघत बसलो. तू दुसरीत असताना स्टुलावर उभी राहून बघायचीस. पेशीतले गुणसूत्रांचे लाल धागे मधोमध रांगेत येतात, मग अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कमी नाही, जास्त नाही. मी त्यात देवच बघत आलो. पण कापून टिकवायच्या औषधात पडलं की मूळ मरतं आणि पेशी जिथं होती तिथंच थांबते. परवा मनात आलं, जिवंत ठेवून थांबवता येत नाही का?

हेच मी तुला रविवारी रेक्टरबाईंच्या फोनवर विचारलं होतं. "विभाजन थांबतच नसेल तर काय करतात गं?" तू हसलीस. "बाबा, तुम्ही बी नीटला बसून राहिलात का?" मग भरभर सांगितलंस. पेशीत टप्प्याटप्प्यावर तपासणी असते, बिघाड दिसला की ती थांबते. तपासणीच बिघडली की एकीच्या दोन, दोघींच्या चार होत राहतात, गाठ होते, आणि गाठ जागा सोडून पसरली की फारसं हातात राहत नाही. "या धड्यावर दोन प्रश्न पक्के," असंही म्हणालीस. शेवटी विचारलंस, "आई कुठंय?" मी म्हणालो, रामजन्माला मंदिरात गेलीय.

ती मंदिरात नव्हती, बाळा. आतल्या खोलीत पडून होती. फोन स्पीकरवर होता. तुझं सगळं तिनं ऐकलं. नंतर म्हणाली, "किती ग्वाड समजावून सांगती पोरगी. डॉक्टरला बी असं जमलं न्हाई."

छातीतली गाठ तिनं मला पोळ्याच्या सुमारास दाखवली होती. आवळ्याएवढी. "पोरीची परीक्षा होऊ द्या, मंग बघू," ती म्हणाली आणि मी ऐकलं. बावीस वर्षं मुलांना पेशी दाखवणाऱ्या माणसानं ऐकलं. हे पाप माझं आहे, तिचं नाही. फेब्रुवारीत तिला जेवण जाईना, तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तोवर ते यकृतात गेलं होतं. घरी आल्यावर तिनं माझा हात माझ्याच तुळशीच्या माळेवर ठेवला. "पेपर होईस्तोवर गीताला कळू द्यायचं न्हाई. घ्या शपथ." मी घेतली.

सोमवारी डॉक्टरांना विचारलं, "पोरीचा पेपर चार मेला आहे. तोवर?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मंगळवारी स्लाइडवरून उठलो तेव्हा तुला सांगायचं माझं ठरलं होतं, तरी बुधवार तसाच गेला. आज पहाटे आंघोळ करून माळ काढली आणि देव्हाऱ्यात ठेवली. शब्द मोडणाऱ्याच्या गळ्यात ती नको. तुझी आई जागी होती. माझा रिकामा गळा तिनं पाहिला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. तुळजाबाई मावशीला तिच्याजवळ बसवून मी निघालो. चपला घालत होतो, तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला, "येताना तिची पुस्तकं इसरू नका."

समोर उभा राहिलो तर पुन्हा मंदिराचंच सांगेन, म्हणून रेक्टरबाईंकडून कागद मागून लिहितोय. परीक्षेला बसायचं का, ते तू ठरव. आई बरी होईल असं मी लिहिणार नाही. तुझा तो धडा पाठ आहे.

तुझ्या सुट्टीच्या अर्जावर मी सही केली आहे. बाईंनी तो ठेवून घेतला. कपडे थोडेच घे, पुस्तकं सगळी. मी फाटकाबाहेर लिंबाखाली उभा आहे.

रिकाम्या गळ्यानं,
तुझे बाबा