परिषदेसाठी एक बेकार

जळगाव, ३ नोव्हेंबर १९३८
बेकारी परिषद सोमवारी, १४ तारखेला. तरुण जागृती संघाचा सेक्रेटरी या नात्याने रोज पहाटे पाचला उठणार. (आज आठ वाजले. काल विचार फार झाला.) व्यासपीठावर एक खराखुरा बेकार तरुण बसवायचा, ही आयडिया माझीच.

५ नोव्हेंबर
सॅम्पल मिळाले! यावलकडचा चिंधा. सातवीची फायनल पास, बाप नाही, सदरा एकच. चेहरा असा की बघणाऱ्याचा हात आपोआप खिशात जावा. त्याची आई धुरपदाबाई केळी घेऊन आली. घरची परिस्थिती पाहता केळी फारच गोड.

८ नोव्हेंबर
घोटाळा. भुसावळच्या रेल्वेच्या लोको शेडमध्ये चिंधाचे नाव लागले. हजर व्हायचे सोमवारी सकाळी! "दादा, नोकरी लागी गई!" पोरगा नाचत होता. आजच्या तरुणांत संयम म्हणून नाही. परिषदेआधीच याला काम लागले तर माझ्या ठरावाला आधार काय?

९ नोव्हेंबर
चिंधाला सांगितले, तिथला फोरमन माझ्या शब्दाबाहेर नाही, मंगळवारी गेलास तरी चालेल. त्याने पायच धरले. फोरमनची ओळख नाही, पण करून घ्यायला कितीसा वेळ? उद्याच भुसावळला जातो.

१० नोव्हेंबर
गेलो नाही. भाषण.

११ नोव्हेंबर
गेलो नाही. सर्दी.

१३ नोव्हेंबर, रविवार
धुरपदाबाई दारात. "दादा, मन्हा पोऱ्याले उद्या जाऊ द्या. बठ्ठं घर त्याच्यावर शे." प्रश्न एका घराचा नसून पिढीचा आहे, हे शांतपणे समजावले. बाई रडू लागली. सौ. आतून म्हणाली, स्वतःचा मुलगा असता तर आजच नेऊन शेडच्या दारात बसवला असता. आमच्या घरात सार्वजनिक वृत्ती मुळीच नाही.

१४ नोव्हेंबर
परिषद अपूर्व! अध्यक्ष शेठ रुपचंद यांनी चिंधाला विचारले, "कधीपासून बेकार आहेस रे?"
"आज सकाळपासून, शेठ."
प्रचंड हशा. पोरगा हजरजबाबी निघाला. माझी निवड!

१६ नोव्हेंबर
चिंधा काल भुसावळला जाऊन आला. फोरमनसाहेबाने सोमवारी तीनदा नाव पुकारले, मग दुसऱ्याला घेतले. माझे नाव सांगितले तर म्हणे, "कोण?" या फोरमनला जाब विचारलाच पाहिजे. उद्याच.

भुसावळ, २ डिसेंबर, दुपार
जाब विचारायला आलो. शेडच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने, हनीफने, आत सोडले नाही. स्टेशनवर परतलो तर समोर चिंधा, डोक्यावर दोन ट्रंका! म्हणजे काम लागले की. संघाच्या अहवालात घालावे. त्याला तिथेच थांबवून श्रमप्रतिष्ठेवर चार शब्द बोललो.
"दादा, वझं डोकावर शे."
पुढच्या परिषदेलाही व्यासपीठावर बसवीन म्हणालो.
"येसू ना, दादा. बसानी मजुरी काय देशात तुम्ही?"
सगळा पैशाचा विचार! ट्रंकांचा मालक ओरडला, "ए, भाषण ऐकायला पैसे देतोय का तुला?" चिंधा गेला. तेवढ्यात माझी गाडीही गेली. पुढची संध्याकाळी. बसायला जागा शोधतो आहे, पण प्रत्येक बाकड्यावर धडधाकट तरुण पोरे पसरलेली. एकही उठेना.