सासूबाईंच्या नावाचं मशीन

मसाका, मंगळवार

प्रिय देओग्रासियास,

तुझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या पोन्सियानोचा, सप्रेम नमस्कार. कंपालात तू, तुझी बायको, मुलं आणि तुझ्या ऑफिसातल्या थंडगार खोलीतले ते लाडावलेले संगणक, सगळे खुशाल असाल. मी बरा आहे. केळी चांगली लागली आहेत. शेळी मात्र रुसली आहे (हे रेस्टीला सांगू नकोस, तिला माझ्यापेक्षा शेळीची काळजी जास्त). तुझ्या आईंच्या दुखण्याचं तुला कळतंच. रेस्टी गावी त्यांच्या उशाशी बसून आहे. मी पडलो जावई, आपल्या रीतीप्रमाणे मला त्यांच्या दारातसुद्धा उभं राहता येत नाही, म्हणून इकडेच घुटमळतो आहे.

आता मुद्दा. सोमवारी शाळा उघडते आणि सिस्टरबाई स्वेटरवर बिल्ला असल्याशिवाय कुठल्याही पोराला फाटकातून आत घेत नाहीत. बिल्ले भरायचं काम रेस्टीचं. मी तिला छातीठोकपणे सांगितलं, तू आईंजवळ थांब, भरतकामाचं मशीन मी चालवतो. नाही जमलं तर तिला त्यांना तसंच सोडून यावं लागेल. आणि ते जमलेलं नाही, याला कारण तू आहेस.

बिल्ल्यांचा तो म्हातारा प्रोग्राम तुझ्या लिनक्सवर चालेना, म्हणून तू संगणकाच्या पोटात दुसरा, हवेतला संगणक बसवून दिलास (त्या दिवशी तुला कोंबडी खाऊ घातली, तिची आज हळहळ वाटते). परवा लिनक्सने विचारलं, नवं काही आलंय, घेऊ का? दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं, आणि पोटातला संगणक उठेचना. तू लिहून ठेवल्याप्रमाणे त्याला लिनक्सच्या नव्या गाभ्याशी पुन्हा जुळवून घेतलं, सगळं बंद करून चालू केलं, अगदी यथासांग. पण टिचकी मारायचं चित्र गायब झालं. आता म्हणे काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप करून त्याला उठवायचं. मी यादी काढली, नाव वाचलं आणि खुर्चीवरून उठून थेट अंगणात गेलो. अरे देओ, जगात एवढी नावं असताना त्या यंत्राला तू जन्मदात्या आईचं नाव दिलंस? शिवाय खाली त्याची एक प्रत, आणि तिच्या नावापुढे ‘जुनी’!

जावयाने सासूचं नाव घेतलं की हात कापायला लागतात, हे तुला मी सांगायला नको. माझे काका सासूसमोर सायकलवरून पडले, तेव्हापासून त्यांच्या हातात चहाचा कप ठरत नाही. कापऱ्या हातांनी मी बिल्ले काय भरणार? शेजारच्या मातियाला टाइप करायला बोलावलं, तर तो म्हणाला, “नाव सांग.” आता ते कसं सांगणार? बाईचं आहे, एवढंच म्हणालो. मग तो गल्लीतल्या एकेका बाईचं नाव घेऊन माझ्या तोंडाकडे बघू लागला. त्याची बायको कुंपणापाशी उभी होती, आणि आता अख्ख्या गल्लीला माझ्याबद्दल काहीतरी कळलं आहे.

त्यातून त्या नावापुढे लिहिलेलं असतं, ‘बंद आहे’. आजारी माणसाच्या नावापुढे असलं काही वाचवत नाही रे. मी पडद्यावर केळीचं पान टांगलं आहे. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत, पण दर सुगीला माझ्यासाठी शेंगदाणे पाठवतात, स्वतः निवडून. मला त्या हव्या आहेत, देओ.

तेव्हा तिथून काय युक्ती करायची ती कर, पण ते नाव ताबडतोब बदल. शेळीचं ठेवलंस तरी चालेल.

तुझा,
पोन्सियानो

ता. क. पत्र टॅक्सीवाल्याकडे द्यायला निघालो, तोच रेस्टीचा फोन. ‘मशीनचा आवाज का येत नाही’ म्हणाली. सांगावंच लागलं. तिने फोनवर हात ठेवून ते आईंना सांगितलं, आणि त्या बोलल्या ते मला कळवलं, “जावईबापूंना म्हणावं, खुशाल लिहा. अंथरुणाला खिळल्यापासून जो तो मला आजी नाहीतर पेशंट म्हणतो. नावाने कोणी हाक मारत नाही.” मग मी काळ्या खिडकीत ते नाव लिहिलं. हात कापत होते, पण लिहिलं, आणि पोटातला संगणक उठला.

आणखी एक. टॅक्सीवाला दोन दिवस आलाच नाही, हे बरं झालं. नाव बदलू नकोस. सकाळी त्या नावापुढे ‘चालू आहे’ असं उमटलं की मी रेस्टीला कळवतो, ती त्यांना. आज त्या उशीला टेकून बसल्या, थोडी पेज प्यायल्या आणि रेस्टीला म्हणाल्या, “विचार त्यांना, मी आज किती बिल्ले भरले?”