पूजेतलं कुलूप

२९ सप्टेंबर, सोमवार

कंपनीत नवीन लाल कुलपं आली. प्रत्येकावर एकेकाचं नाव! पेंड कालवायच्या मोठ्या मिक्सरमध्ये उतरायचं तर आधी खालचा मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्याच खिशात. आपण बाहेर येईपर्यंत मशीन चालू होणं नाही. साहेबांनी समजावलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. हनुमानदादा नुसता हसला. पान्हा धरायला त्यानेच शिकवलं मला, धसईहून एकाच बसने येतो आम्ही. बसमध्ये म्हणतो, "इतकी वर्सं आमी तोंडानं सांगून कामं केली गो. मेलाय का कोन?"

बसायला जागा नव्हती. पाय ठणकतायत.

३० सप्टेंबर

डबा, बस, पेंडीची धूळ, बस, भात, भांडी. झोप.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी दादाने हत्यारांची पूजा मांडली. पान्हे, हातोडे — आणि सगळी नवी कुलपंसुद्धा! झेंडू, हळदकुंकू. पूजेतलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. मालाची घाई म्हणून मशीन मात्र चालूच.

दुपारी मिक्सरमध्ये पेंडीचा गोळा अडकला. दादा जुना पान्हा घेऊन तसाच उतरला. म्हटलं, कुलूप? "पूजेतलं उचलायचं नाय. वर केबिनमध्ये वमकारला सांगितलंय, मी आत हाय, बटन दाबू नको." अहो, पण ओमकारची पाळी संपत आलेली!

माझं डोकंच फिरलं. पूजेतून माझ्या नावाचं कुलूप उचललं, मेन स्विच पाडला, लावलं, तिथेच उभी राहिले. दादा बाहेर आला तर माझ्या बोटांना कुंकू. "पूजा मोडलीस गो!" सगळ्यांदेखत. बसमध्येही पार मागे जाऊन बसला.

आणि आज माझा दुसरा दिवस. कंपनीची पाळी आणि माझी पाळी, दोन्ही एकदम! हे कळलं तर गावात तोंड दाखवायला नको. देवाला कळलंच असेल. त्याने समजून घ्यावं.

३ ऑक्टोबर

काल सुट्टी होती, म्हणून सोनं वाटणं आज झालं. दादाने सगळ्यांना आपट्याचं पान दिलं. माझा हात पुढे तसाच राहिला. फार लागलं मनाला.

९ ऑक्टोबर

सासूबाईंच्याही कानावर गेलं. "पूजेला हात लावाला कशाला जातीस?" कुणाकुणाला सांगू? तोंड दुखलं. मशीन तर कुणी चालू केलंच नाही. मग मी वाचवलं तरी काय? एक माणूस तेवढा घालवला. नोकरी सोडून भातकापणीला जावं, झालं.

१५ ऑक्टोबर

चहाला दुपारच्या पाळीची सारिका आली. केबिनमध्ये ओमकारनंतर तीच बसते. आमचं भांडण कशावरून, ते तिला आज कळलं. तोंड उतरलं तिचं. "ताई, त्या दिवशी मी आले तवा वमकार निघून गेलेला. मला कोनी काय सांगितलं नाय. मी बटन दाबलं — दोनदा. चालू होईना, म्हटलं लाइट गेली."

दादाचा कप तोंडाशीच थांबला. मग उठला, पिशवीतून रुमाल काढला. आत आपट्याचं पान, पार वाळलेलं.

"तुझं हाय. त्याच दिवशी आनलेलं. देववलं नाय."